चारही दिशांना गाणारी माणसं

गुरुग्राममध्ये, म्हणजे पूर्वीच्या गुडगावात, उघड्या मैदानावरच्या गाण्याचा विषय निघाला की माझ्या ऑफिसातली मुलं २८ ऑक्टोबर २०११ ही तारीख सांगतात. भारतातल्या पहिल्या फॉर्म्युला वन शर्यतीच्या निमित्ताने मेटॅलिका हा अमेरिकन रॉक बँड त्या संध्याकाळी सेक्टर २९ मधल्या लेझर व्हॅलीत वाजवणार होता. दुरून दुरून तरुण आले. कार्यक्रम ऐनवेळी लांबणीवर पडला, गर्दी मंचावर चढली, मोडतोड झाली आणि अखेर तो रद्दच करावा लागला. दोन दिवसांनी बंगळुरूला मात्र तोच बँड वाजला. मुलांच्या लेखी इथल्या मोकळ्या हवेतल्या संगीताचा इतिहास असा अलीकडचा आहे. तो त्याहून पुष्कळ जुना आहे, आणि माझ्या मते फार देखणा आहे. म्हणून हे लिहिते आहे.

मी जुन्नर तालुक्यातली. पाडव्याला नारायणगावात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पंच येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात, आणि चैत्र-वैशाखात रात्री उघड्या आभाळाखाली ढोलकी वाजते, हे पाहतच मी मोठी झाले. उन्हाळा म्हणजे यात्रा आणि यात्रा म्हणजे गाणं, हे समीकरण माझ्या अंगात मुरलेलं आहे. लग्नानंतर गुडगावला आले. घर सेक्टर ५२ मध्ये, म्हणजे वजिराबाद गावाच्या जमिनीवर. या मुलखाशी मराठी माणसाचं नातं जुनं आहे. ३० डिसेंबर १८०३ रोजी, आज अमरावती जिल्ह्यात असलेल्या सुर्जी-अंजनगावात दौलतराव शिंद्यांनी इंग्रजांशी तह केला आणि दिल्लीभोवतालचा जो मुलूख शिंदेशाहीच्या हातून गेला, त्यात गुडगावही होतं. पण मला हे गाव आपलं वाटलं ते तहामुळे नव्हे, सांगमुळे.

सांग हे हरियाणाचं लोकनाट्य. स्वांग असंही त्याला म्हणतात. आमच्या गल्लीच्या टोकाला दुधाचा धंदा करणारे एक वृद्ध गृहस्थ आहेत. सारा परिसर त्यांना ताऊ म्हणतो, मीही म्हणते. सांगबद्दल मी पहिल्यांदा ऐकलं ते त्यांच्याकडून. त्यांच्या बोलण्यात मला माझी यात्राच ऐकू आली.

सांग उन्हाळ्यात का रंगतो, याचं कारण शेतात आहे. वैशाखीच्या सुमारास गव्हाची कापणी होते. मळणी आटोपली, दाणे घरात आले, की रानात काम उरत नाही आणि हातात चार पैसे असतात. दिवसा पारा ४४-४५ अंशांवर जातो, लू वाहते, बाहेर पाऊल टाकवत नाही. पण इथली जमीन पुष्कळशी रेताड. ती दिवसा जितकी तापते तितकीच रात्री लवकर निवते. मग माणसं खाटा बाहेर काढतात, अंगणात पाणी मारतात, हुक्का भरतात. ज्यांना झोप येत नाही अशा शेकडो माणसांना एकत्र बसवणारं काही हवंच असतं. ती गरज सांगने भागवली.

या कलेचं श्रेय परंपरेने अठराव्या शतकातल्या किशनलाल भाटांना दिलं जातं. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सोनीपतकडच्या दीपचंदांनी तिला मोठं केलं. त्यांचा प्रभाव असा, की पहिल्या महायुद्धात फौजेची भरती वाढवण्यासाठी इंग्रज सरकारने त्यांच्या रागण्यांचा, म्हणजे सांगमधल्या गाण्यांचा, उपयोग करून घेतला. मग आले बाजे भगत, आणि त्यांच्यानंतर जाट्टी कलां गावचे पंडित लखमीचंद. त्यांचं नाव घेताना ताऊ आजही कानाला हात लावतात. जन्म १९०३ चा. शाळा नाही, लहानपण गुरं राखण्यात गेलेलं. मानसिंह नावाचे अंध गायक त्यांचे गुरू. ब्राह्मण घरातल्या मुलाने सांगच्या बेड्यात, म्हणजे फडात, जावं हे लोकांना खपलं नाही. आपल्याकडे रेठऱ्याच्या श्रीधर कुलकर्ण्यांनी फडात उभं राहून पठ्ठे बापूराव व्हावं, हे तरी कुठे खपलं होतं? नल-दमयंती, सत्यवान-सावित्री, मीराबाई, पद्मावत, नौटंकी असे सांग लखमीचंदांनी रचले. १९४५ मध्ये ते गेले तेव्हा जेमतेम चाळिशी ओलांडली होती. त्यांचे शिष्य मांगेराम हे मूळचे मोटार ड्रायव्हर. त्यांनी ती गादी पुढे १९६७ पर्यंत चालवली. अलीकडे यशपाल शर्मांनी ‘दादा लखमी’ हा चित्रपट काढला आणि त्याला राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, तेव्हा कुठे शहरातल्या लोकांना हे नाव कळलं.

सांग मला सर्वांत भावतो तो त्याच्या मांडणीमुळे. गावच्या मोकळ्या जागेत लाकडी तख्त जोडून चौथरा करतात. पडदा नाही, विंग नाही. सारंगी, हार्मोनियम, ढोलक, नगारा वाजवणारे तख्तावरच बसतात आणि प्रेक्षक चारही बाजूंना. आरंभी देवीची भेंट गायली जाते, आपल्याकडे गण होतो तशी. सोंगाड्याच्या जागी इथे नकली. स्त्रीची भूमिका पुरुषच करतो. समोर आणि मागे अशी दिशाच नसल्यामुळे रागणी गाणारा एका बाजूला तोंड करून ओळ म्हणतो, मग वळतो, दुसऱ्या बाजूला म्हणतो, पुन्हा वळतो. तेवढ्या वेळात साजिंदे टेक धरतात. माइक नव्हते तेव्हा शेवटच्या खाटेवरच्या माणसापर्यंत शब्द पोचवायचा तर आवाज उंच आणि मोकळा लागायचा. तो आवाज याच खुल्या हवेने घडवला. बंद सभागृहात तो जन्मलाच नसता.

दुसरी गोष्ट पैशाची. सांगला तिकीट नसे. गावाला तळं खोदायचं असेल, विहीर बांधायची असेल, शाळा किंवा गोशाळा उभी करायची असेल, तर पंचायत सांगी बोलवायची. लोक ऐकायला येत, ऐपतीप्रमाणे देत, आणि जमलेली रक्कम त्या कामाला जाई. ज्येष्ठात जोहड, म्हणजे गावतळं, आटतं. गाळ काढायला तोच काळ योग्य. त्यामुळे उन्हाळ्यातलं गाणं आणि पावसाळ्यातलं पाणी यांची इथे गाठ पडली होती. रात्री ज्याने नल-दमयंतीच्या वियोगावर डोळे पुसले, त्याच्याच पैशातून त्याच्या म्हशींना पाणी मिळे. गाण्याचा याहून थोर उपयोग मला माहीत नाही.

या इतिहासाची एक बाजू दुखरी आहे आणि ती सांगितलीच पाहिजे. तख्ताभोवतीच्या त्या गोलात बायका नसत. सांग ही पुरुषांची जागा होती. आर्यसमाजी सुधारकांनी त्याला अश्लील म्हणून विरोध केला, पण लोकांपर्यंत पोचायला त्यांच्याही भजनोपदेशकांना रागणीच्याच चाली घ्याव्या लागल्या. आपल्याकडे सत्यशोधकांनी तमाशाच्याच साच्यातून जलसा उभा केला, तसंच हे. ज्या कलेला नावं ठेवायची, तिचाच गळा उसना घ्यावा लागतो, इतकी ती मातीत रुजलेली असते.

गुडगावच्या दक्षिणेला मेवात. नूह हा वेगळा जिल्हा २००५ मध्ये झाला. त्याआधी मेवातचा मोठा भाग गुडगाव जिल्ह्यातच होता. तिथले मिरासी गायक मुसलमान मेवांच्या बैठकीत ‘पांडून का कडा’, म्हणजे पांडवांची कथा, गात आले आहेत. ती रचना सादुल्ला या कवीची मानली जाते. साथीला भपंग. भोपळ्याला एका बाजूने कातडं मढवून त्यातून तार ओवलेली असते. तार ताणत, सैल करत वाजवतात. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला यल्लम्माच्या जोगत्यांचं चौंडकं आठवलं. मशिदीत नमाज पढणाऱ्या माणसांनी उघड्या अंगणात रात्रभर भीम-अर्जुन ऐकावेत, ही या भूमीची श्रीमंती आहे.

मग १९८० च्या दशकात शेतजमिनी विकल्या जाऊ लागल्या. १९८३ मध्ये मारुतीची पहिली गाडी इथल्या कारखान्यातून बाहेर पडली. गव्हाचं रान गेलं तसं कापणीनंतरचं रिकामपणही गेलं. सांगचं तख्त मोडलं. कथेतून सुटलेली रागणी कॅसेटवर आणि स्पर्धांत गेली. गोल बसलेले लोक एका बाजूला तोंड करून बसू लागले. मैदानाला पत्रे लागले, पत्र्याला फाटक आणि फाटकाला तिकीट. त्या मैफिलींतही आनंद असतो. हिवाळ्यात मी स्वतः लेकीला घेऊन जाते, तिच्याबरोबर उड्या मारते. पण तिथे माझ्या शेजारी ताऊ नसतात.

ते नातं पुन्हा जुळू शकतं, याचा पुरावा याच शहराने दिला आहे. १७ नोव्हेंबर २०१३ ला गुडगावने राहगिरी सुरू केली. रविवारी सकाळी मोटारींना रस्ता बंद आणि माणसांना खुला. ड्रायव्हर, इंजिनिअर, घरकाम करणाऱ्या बायका, शाळकरी मुलं एकाच डांबरावर नाचली-गायली. बायका त्यात मधोमध होत्या. जुन्या सांगला जे जमलं नव्हतं, ते इथे सहज झालं.

म्हणून माझं मागणं साधं आहे. आमच्या शेजारी चक्करपूर-वजिराबादचा जुना बांध आहे. पावसाचं पाणी अडवण्यासाठी तो बांधला होता. नागरिकांनी आणि महापालिकेने मिळून त्याची चालण्याची वाट केली आहे. दर उन्हाळ्यात, वैशाखातल्या एका रात्री, त्या बांधाजवळ तख्त जोडावं. हरियाणात बेडे अजून आहेत, त्यांना मानाने बोलवावं. फाटक नको. सोसायट्यांतले आणि वजिराबादचे लोक चारही बाजूंना बसावेत, बायका पुढच्या रांगेत. जमलेला पैसा गावच्या जोहडाला जावा. मी ताऊंना हे सांगितलं तेव्हा त्यांनी एवढंच विचारलं, भेंट कोण गाणार. मी तीन बेड्यांची नावं आणि फोन मिळवले आहेत, आणि पुढच्या रविवारी आमच्या सोसायटीच्या बैठकीत हा विषय मांडते आहे.