हृदयाच्या झडपेचा निर्णय : कोल्हापूर ते परळ

कोल्हापूर भागात तरुण वयात दिसणारा हृदयाच्या झडपेचा आजार हा बहुतेक वेळा लहानपणीच्या सांधेवाताच्या तापाचा उशिराचा परिणाम असतो. स्ट्रेप्टोकॉकस जंतूमुळे घसा धरतो, दोन-तीन आठवड्यांनी ताप येतो, सांधे सुजतात आणि आपोआप बरेही होतात. घरचे ते विसरून जातात. आत मात्र डाव्या बाजूच्या मायट्रल झडपेच्या पाकळ्या कडांना चिकटू लागतात. निरोगी झडपेचे तोंड ४ ते ६ चौरस सेंटिमीटर असते; ते दीडच्या खाली गेले की काजासारखी फट उरते आणि वैरणीचा भारा डोक्यावर घेताना धाप लागते. पुष्कळ बायकांना हा आजार गरोदरपणात कळतो, कारण पाचव्या-सहाव्या महिन्यापर्यंत अंगातले रक्त बरेच वाढलेले असते आणि ते या फटीतून पुढे सरकत नाही.

संस्थानकाळात अशा रुग्णाबाबत ठरवण्यासारखे फारसे काही नव्हते. कोल्हापुरात मेजर मँट यांच्या आराखड्यानुसार उभारलेले अल्बर्ट एडवर्ड रुग्णालय होते. तेच आजचे छत्रपती प्रमिलाराजे रुग्णालय, लोकांच्या तोंडी ‘सीपीआर’. शेजारी मिरजेत डॉ. विल्यम वानलेस यांचे मिशन रुग्णालय १८९४ पासून चालू होते आणि शस्त्रक्रियेसाठी दूरदूरहून माणसे तिथे येत. पण झडपेवर उपाय जगातच नव्हता. डिजिटॅलिस, विश्रांती आणि मीठ कमी, एवढ्यावर वैद्यक थांबे. १९२५ मध्ये लंडनच्या हेन्री सुटार यांनी हृदयात बोट घालून एका मुलीची झडप मोकळी केली. मुलगी वाचली, तरी वैद्यांनी त्यांच्याकडे दुसरा रुग्ण पाठवला नाही. शल्यविशारदाला जमले तरी रुग्ण कुणाकडे जाणार हे फिजिशियन ठरवतो, ही या इतिहासातली पहिली खरी गोष्ट.

१९४८ मध्ये अमेरिकेत बेली व हार्कन आणि लंडनमध्ये ब्रॉक यांनी ही शस्त्रक्रिया पुन्हा सुरू केली. १९५० च्या दशकात मुंबईच्या परळमध्ये केईएम रुग्णालयात डॉ. प्रफुल्लकुमार सेन यांच्या पथकाने ती रुळवली. सेन यांचे नाव १९६८ च्या हृदयप्रत्यारोपणाशी जोडले जाते. गरीब रुग्णांच्या दृष्टीने त्यांचे झडपेवरचे काम अधिक मोलाचे मानायला हवे. कोल्हापूरच्या रुग्णाला परळ गाठायचे तर १९७१ मध्ये रूळ रुंद होईपर्यंत मीटरगेज गाडीने पुण्याला जायचे आणि तिथे गाडी बदलायची. धाप लागणाऱ्या माणसाने हा प्रवास करावा की नाही, हा निर्णय गावातल्याच डॉक्टरला घ्यावा लागे.

त्याच्या हाताशी स्टेथोस्कोप, छातीचा एक्स-रे आणि ईसीजी. कानाने तो दोन गोष्टी शोधे. दुसऱ्या ठोक्यानंतर लगेच ‘टक्’ असा छोटा आवाज आला, तर पाकळ्या अजून लवचिक आहेत; तो आवाज दुसऱ्या ठोक्याच्या जितका जवळ, तितकी झडप अरुंद. आवाज हरवला असेल, तर पाकळ्या कडक झाल्याचा, त्यात चुना बसल्याचा संशय. उरलेला निर्णय टेबलावर होई. डाव्या बरगड्यांमधून छाती उघडून शल्यविशारद डाव्या कर्णिकेच्या कोपऱ्यातून बोट आत सारी आणि धडधडत्या हृदयात झडप चाचपून पाही. बोटाला रक्ताचा जोराचा झोत मागे येताना लागला, तर गळती मोठी. मग झडप फाकवणे धोक्याचे. हार्ट-लंग यंत्र लागत नसे, रक्त थोडे लागे, खर्च कमी. म्हणूनच पाश्चात्त्य देशांत ही पद्धत मागे पडल्यावरही भारतात ती कित्येक वर्षे टिकली.

१९६० मध्ये स्टार-एडवर्ड्स कृत्रिम झडप आली आणि निर्णय अवघड झाला. धातूची झडप वर्षानुवर्षे टिकते, पण तिच्यावर रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून जन्मभर वॉरफरिन ही रक्त पातळ करणारी गोळी घ्यावी लागते. प्राण्यांच्या ऊतीची झडप या गोळीतून बहुतांशी सोडवते, पण तरुण माणसात ती लवकर झिजते आणि छाती पुन्हा उघडावी लागते. गगनबावड्याच्या बाविशीतल्या विवाहितेसाठी दोन्ही वाटा अडचणीच्या: वॉरफरिन गर्भाला घातक, आणि दुसरी शस्त्रक्रिया कुटुंबाला न परवडणारी. गोळीचा डोस ठरवायला रक्त तपासावे लागते. १९८३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने आयएनआर हे माप स्वीकारेपर्यंत एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीशी जुळत नसे. शिवाय मेथी-पोकळ्यासारख्या पालेभाज्यांतले के जीवनसत्त्व गोळीचा परिणाम कमी करते. भाजी सोडणे हा त्यावर उपाय नव्हे, तिचे प्रमाण रोज सारखे ठेवणे हा उपाय. कृत्रिम झडपेच्या किमतीचा प्रश्न काहीसा सुटला तो तिरुअनंतपुरमच्या श्री चित्रा संस्थेत. संचालक डॉ. वलियाथन यांच्या काळात घडलेली तिथली देशी झडप ६ डिसेंबर १९९० रोजी पहिल्यांदा रुग्णाला बसवली गेली.

दरम्यान जपानच्या कांजी इनोउए यांनी १९८२ मध्ये मांडीच्या शिरेतून फुगा नेऊन झडप फाकवली. आता बोटाचे काम इकोने, म्हणजे हृदयाच्या सोनोग्राफीने, करायचे होते. १९८८ च्या विल्किन्स पद्धतीत पाकळ्यांची हालचाल, जाडी, चुना आणि खालच्या दोऱ्यांची जाडी यांना प्रत्येकी १ ते ४ गुण देतात. बेरीज ८ किंवा कमी असेल, तर फुगा चांगला चालण्याची शक्यता जास्त. डाव्या कर्णिकेत गुठळी किंवा मोठी गळती दिसली, तर फुगा टाळतात. हे चार आकडे शल्यविशारदाच्या बोटाइतके सूक्ष्म नाहीत, पण ते छाती न उघडता मिळतात.

पैशाची बाजू उशिरा बदलली. गरिबांना मोफत उपचार देणारी राज्याची राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना २०१२ मध्ये आठ जिल्ह्यांत सुरू झाली. कोल्हापूर नोव्हेंबर २०१३ मध्ये तिच्यात आले आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालते. ‘करायचे की नाही’ या घरच्या चर्चेतला मोठा अडथळा त्यामुळे कमी झाला. त्याच सुमारास हृदयरोगतज्ज्ञ, शल्यविशारद, भूलतज्ज्ञ आणि इकोतज्ज्ञ यांनी एकत्र बसून ठरवावे, असे आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूत्रांनी सांगितले. २००२ मध्ये फ्रान्सच्या क्रिबिए यांनी कॅथेटरने महाधमनीची झडप बसवल्यापासून वृद्धांसाठी तिसरी वाटही निघाली, आणि दोन-तीन झडपा एकदम बिघडलेल्या रुग्णात कोणती आधी, हा प्रश्न एकट्याने सोडवणे कठीण झाले.

जुनी गोळी मात्र हटली नाही. सांधेवाती झडपेसोबत हृदयाचे ठोके अनियमित असलेल्या हजारो रुग्णांवर, भारतासह अनेक देशांत, नव्या रिव्हरॉक्साबॅन गोळीची चाचणी झाली. नवी गोळी सोयीची ठरेल अशी अपेक्षा होती. २०२२ मध्ये निष्कर्ष आला की वॉरफरिनसारख्या जुन्या औषधाच्या रुग्णांत मृत्यू कमी होते. धातूच्या झडपेला तर नव्या गोळ्या चालतच नाहीत. म्हणून झडप कोणती बसवायची हे ठरवताना आजही विचारले जाते की तालुक्याच्या गावी आयएनआर होतो का, रुग्णाला तिथवर कोण घेऊन जाईल, आणि पुन्हा ताप उलटू नये म्हणून दर तीन आठवड्यांनी द्यायचे पेनिसिलीनचे इंजेक्शन कुठे मिळेल.