म्हातारपणाची काठी

मुलाला ‘म्हातारपणाची काठी’ म्हणण्याचा मराठीतील प्रघात जुना आहे. परंतु ज्या काठीची नेमणूकच घरापासून दूर झाली, तिने काय करावे, हे तो प्रघात सांगत नाही. भिलाईच्या मरोदा भागात राहून केंद्र सरकारची कारकुनी करणाऱ्या आम्हांस हा प्रश्न रोजचा आहे. परप्रांती असलेल्या बहुतेक वाचकांसही तो नवा नसावा.

या वसाहतीचाच इतिहास पाहा. १९५५ साली सोव्हिएत रशियाशी करार झाला, ४ फेब्रुवारी १९५९ रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते पहिल्या झोतभट्टीचे उद्घाटन झाले आणि देशभरातून तरुण माणसे आईवडिलांना गावी ठेवून येथे आली. तेव्हा विशीत असलेला माणूस आज पंच्याऐंशी ओलांडून गेला आहे, आणि आता त्याची मुले दूर आहेत.

काठीच्या जोडीला जी साधने आली, त्यांचा इतिहास चाळताना एक गोष्ट आमच्या ध्यानी आली. १६५५ साली न्यूरेंबर्गच्या स्टेफान फार्फलर या घड्याळजीने हाताने फिरवून चालणारी खुर्ची केली, ती स्वतःचे पाय अधू होते म्हणून. १८७६ साली टेलिफोनचे पेटंट मिळविणारा अलेक्झांडर ग्रॅहॅम बेल हा बहिऱ्यांचा शिक्षक. त्याची आई व पत्नी दोघीही बहिऱ्या होत्या. बेलच्या नावाच्या प्रयोगशाळेत १९४७ साली ट्रान्झिस्टर जन्मला आणि १९५२ च्या अखेरीस तो घरोघरी जाऊ लागला, तो प्रथम श्रवणयंत्रातून. बेलच्या स्मरणार्थ श्रवणयंत्रे करणाऱ्यांकडून त्याचे स्वामित्वशुल्कही घेतले गेले नाही. सारांश, ही साधने उणीव सोसणाऱ्याने तरी घडविली, नाही तर त्याच्या जवळ बसलेल्याने.

आपल्याकडे हे काम सरकारने अंगावर घेतले. कृत्रिम अवयव निर्माण करणारे निगम १९७२ साली कानपूर येथे स्थापन झाले. २००७ च्या कायद्याने आईवडिलांच्या चरितार्थाचा भार मुलांवर ठेवला. २०१७ पासून राष्ट्रीय वयोश्री योजनेत काठ्या, चष्मे, कवळ्या, श्रवणयंत्रे व चाकाच्या खुर्च्या गरजू वृद्धांस शिबिरांतून विनामूल्य मिळू लागल्या. महाराष्ट्र शासनाने २०२४ साली अशा साधनांसाठी पासष्ट वर्षांवरील पात्र वृद्धांच्या खात्यात ३,००० रुपये जमा करण्याची योजना काढली. वस्तू दारी पोहोचविण्याची ही सोय मोलाची आहे. पण वस्तू पोहोचली म्हणजे काम संपले, असे मात्र नव्हे.

हे आम्ही स्वतःच्या चुकीवरून शिकलो. आमचे तीर्थरूप वर्ध्याला एकटेच राहतात. एका दिवाळीत आम्ही त्यांस उत्तम श्रवणयंत्र घेऊन दिले आणि दुसऱ्याच दिवशी गाडी धरली. पुढच्या रजेत पाहतो तो यंत्र रुमालात गुंडाळून टेबलाच्या खणात! “त्यात पंखा फार ओरडतो रे,” एवढेच ते म्हणाले. दोष यंत्राचा नव्हता. वर्षानुवर्षे मंद ऐकणाऱ्यास सारेच आवाज एकदम मोठे झाले, तर भांड्यांचा खणखणाटही असह्य होतो. मनाला त्याची सवय हळूहळू लावावी लागते.

त्या खेपेस आम्ही पंधरा दिवस राहिलो. पहिल्या सकाळी दार लावून तासभर वर्तमानपत्र वाचून दाखविले, मग स्वयंपाकघरात बसलो, शेवटी बाजारात हिंडलो. आवाज जुळवून घेतला. सेल बदलावयास त्यांस शिकविले. आता दूधवाल्याची घंटा त्यांस ऐकू येते, आणि शेजाऱ्यांस हाक मारावी लागत नाही.

म्हणून परप्रांतीच्या बंधुभगिनींस एवढीच विनंती: साधन अवश्य घ्यावे, परंतु ते टपालाने धाडून मोकळे होऊ नये. रजेचा अर्ज लिहिताना त्याच्या पहिल्या पंधरवड्यापुरते दिवस अधिक मागून घ्यावेत.