हरवलेला तारकागुच्छ

धूमकेतूंच्या शोधात फसगत होऊ नये म्हणून शार्ल मेसिए या फ्रेंच ज्योतिर्विदाने आकाशातील अंधुक पुंजक्यांची यादी सिद्ध केली. तीतील सत्तेचाळिसावा तारकागुच्छ त्याने १७७१ साली पॅरिसहून पाहून नोंदला. परंतु दिलेल्या जागी पुढे तो कोणालाच आढळेना. १९३४ मध्ये ओस्वाल्ड थॉमस यांनी लुब्धकाच्या पूर्वेकडील एका ठळक गुच्छाशी त्याची ओळख पटविली. चुकीचे मूळ १९५९ मध्ये कॅनडाच्या टी. एफ. मॉरिस यांनी दाखविले. जवळच्या ताऱ्यापासूनची अंतरे मोजताना चिन्हे उलटली होती. ताऱ्याच्या पश्चिमेचा गुच्छ पूर्वेस नोंदला गेला होता. पत्ता चुकला, तरी वर्णन खरे होते. ते खरे मानणाऱ्यांनाच गुच्छ गवसला.