बालवाडी अंगणात आली त्याची हकीकत

स्मरणिकेसाठी यंदा मुलांच्या हट्टाविषयी काही लिहावे, असे मंडळाच्या भगिनींनी सुचविले. उपदेश करण्याचा अधिकार मला नाही. पण या विषयाचा एक इतिहास आपल्याच जिल्ह्यात घडलेला आहे, तो मात्र सांगण्याजोगा आहे.

मूल मारते, चावते, भुईवर लोळण घेते, तेव्हा आपण काय करतो? कोणी दृष्ट काढते, कोणी आजोळचा गुण म्हणून मोकळी होते, आणि बहुतेक जणी एक धपाटा देतात. गेल्या शतकाच्या तिसऱ्या दशकात भावनगरच्या दक्षिणामूर्ती संस्थेत गिजुभाई बधेका आणि ताराबाई मोडक यांनी याहून निराळा विचार मांडला. मादाम माँटेसरींच्या पद्धतीने चालणाऱ्या त्यांच्या बालमंदिरात शिक्षा नव्हती, तसे बक्षीसही नव्हते. मुलाच्या हाताला त्याच्या जोगते काम मिळाले, की त्याचा द्वाडपणा ओसरतो, असा त्यांचा अनुभव होता. 1926 साली नूतन बालशिक्षण संघ निघाला, तो याच विचाराच्या प्रसारासाठी.

परंतु हे सारे शहरातल्या सुखवस्तू घरांपुरते राहिले. खेड्यातल्या गरिबाच्या मुलाचे काय, हा प्रश्न घेऊन ताराबाई 1945 साली डहाणू तालुक्यातील बोर्डीस आल्या आणि त्यांनी ग्राम बाल शिक्षा केंद्र सुरू केले. सोबत अनुताई वाघ होत्या. बालपणीच वैधव्य आलेल्या या बाईंनी पुढचे सारे आयुष्य याच कामाला वाहिले. बालवाडी उघडली, पण वस्तीवरची मुले तिकडे फिरकेनात. घरी धाकटे भावंड सांभाळायचे, अंगावर धड कपडा नाही, येणार कशी? तेव्हा मुले बालवाडीत येत नाहीत, तर बालवाडीनेच त्यांच्या दारी जावे असे ठरले. बाया वस्तीवर जाऊन एखाद्या झोपडीपुढे मुले जमवीत, त्यांची तोंडे धुवीत, नखे कापीत, केस विंचरीत, मग गाणी-गोष्टी होत. साहित्य म्हणजे चिंचोके, शिंपले, पाने, खडे. हीच अंगणवाडी!

मला या हकीकतीत मोठी गोष्ट वाटते ती वेगळीच. अंगणात शाळा भरली म्हणजे आई दारातून पाहते. ओरडल्यावाचूनही मूल ऐकते, हे तिला डोळ्यांनी दिसते. शाळेच्या चार भिंतींत ते कधीच दिसले नसते.

1957 साली केंद्र कोसबाडच्या टेकडीवर गेले आणि तिथे वारली मुलांत काम वाढले. गुरे राखणाऱ्या पोरांसाठी कुरणशाळाही निघाली. 2 ऑक्टोबर 1975 रोजी सरकारने एकात्मिक बालविकास योजना सुरू केली, तेव्हा अंगणवाडी हा शब्द देशभर गेला. ताराबाई 1973 सालीच निवर्तल्या होत्या. त्यांना हे पाहायला मिळाले नाही.

आता दूरची एक गोष्ट. 1986-87 साली जमैका बेटावरील किंग्स्टन शहरात सॅली ग्रँथम-मॅकग्रेगर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कुपोषणाने वाढ खुंटलेली 129 मुले निवडली. काहींना पूरक आहार दिला. काहींच्या घरी आरोग्यसेविका दर आठवड्यास तासभर जात आणि टाकाऊ वस्तूंच्या खेळण्यांनी मुलाशी कसे खेळावे, कसे बोलावे, हे आईला दाखवीत. काहींना दोन्ही मिळाले, काहींना काहीच नाही. दोन वर्षे हा क्रम चालला. मुले बाविशीत आली तेव्हा पुन्हा पाहणी झाली. ज्यांच्या आईला खेळ शिकविला होता, ती शिक्षणात पुढे होती, आणि मारामाऱ्यांत, हिंसेत कमी पडत होती. नुसत्या आहाराचा लाभ मात्र तेवढा टिकलेला दिसला नाही.

हे वाचून मला आपले जव्हार-मोखाडे आठवल्यावाचून राहिले नाही. 1992-93 साली वावर-वांगणीच्या बालमृत्यूंनी जव्हारचे नाव देशभर झाले, तेव्हापासून आपल्याकडे मुलांविषयी बोलणे म्हणजे वजन आणि आहार यांविषयी बोलणे. ते हवेच, पोट आधी. 2015 पासून अमृत आहार योजनेत गरोदर व स्तनदा मातांना एक वेळचे गरम जेवण मिळू लागले, हेही चांगलेच झाले. पण आईने तान्ह्याशी खेळावे कसे, हे तिला दाखविण्याचे काम ताटात वाढता येत नाही.

शिवाय आपली अडचण बोर्डीपेक्षा अवघड. दिवाळी सरली की पाडेच्या पाडे भिवंडी-वसईकडच्या वीटभट्ट्यांवर जातात, मुलेही सोबत. अंगणच उठून जाते! विधायक संसदेने भट्ट्यांवर भोंगाशाळा चालविल्या, पण त्या शाळेत जाण्याच्या वयाच्या मुलांसाठी. दोन वर्षांचे पोर विटांच्या रांगांमध्ये धुळीत बसलेले असते. रडले तर बहिणीच्या कडेवर, फारच रडले तर मार.

अंगणवाडी इथेच राहते. आईला जे येते ते मात्र तिच्याबरोबर भट्टीवर जाते. भात-नागलीच्या दिवसांत, जूनपासून दिवाळीपर्यंत, या बाया घरी असतात. अंगणवाडी-ताईंच्या सोबतीने मंडळातील दोघी-दोघींनी तेवढे महिने आठवड्यातून एक तास एकेका पाड्यावर जावे, सोबत चिंध्यांचा चेंडू आणि चिंचोके न्यावे, आणि आईसमोर बसावे. पुढल्या बैठकीत हा विषय घ्यावा, असे मी अध्यक्षबाईंना लेखी कळविले आहे. पाड्यांची यादी करायला दोघीजणी तयारही झाल्या आहेत.