ब्लीप वाजला की धावायचं

ब्रिटनच्या सरकारी रुग्णालयात रुजू होणाऱ्या नव्या डॉक्टरच्या हाती पहिल्याच दिवशी एक डबी यायची. काड्यापेटीपेक्षा थोडी मोठी, कमरपट्ट्याला अडकवायची. बाकी जग तिला पेजर म्हणतं, तिथले डॉक्टर ‘ब्लीप’. ब्लीप वाजला की जवळचा फोन गाठायचा आणि पडद्यावर उमटलेला नंबर फिरवायचा. कुणाचं हृदय बंद पडल्याचा इशारा असेल तर फोनच्या भानगडीत न पडता थेट धावत सुटायचं. मुंबई-पुण्याहून तिकडे गेलेल्या कित्येक डॉक्टरांची झोप या आवाजाने मोडली आहे.

ब्लीप येण्यापूर्वी हे काम लाउडस्पीकर करायचा. अमुक डॉक्टरांनी तमुक वॉर्डात यावं, अशी ऑपरेटरची हाक इमारतभर घुमायची. ती डॉक्टरला ऐकू जायची आणि नुकताच डोळा लागलेल्या पेशंटलाही.

१९५०च्या ऑक्टोबरात न्यूयॉर्कमध्ये डॉक्टरांसाठी एक बिनतारी सेवा सुरू झाली. भाडं महिना १२ डॉलर. मनोऱ्यावरून ग्राहकांचे क्रमांक पुन्हा पुन्हा ऐकवले जायचे. डॉक्टरने खिशातलं २०० ग्रॅमचं यंत्र अधूनमधून कानाला लावायचं आणि आपला क्रमांक आला तर फोन करायचा. पहिला निरोप पोहोचला तो शहरापासून २५ मैलांवर गोल्फ खेळणाऱ्या एका डॉक्टरला! पण त्याच्यासाठी निघालेली हाक सगळ्याच ग्राहकांच्या यंत्रांत वाजत होती.

ही अडचण १९५६ साली लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात सुटली. मल्टिटोन कंपनीने तिथे ज्याला बोलवायचं त्याच्याच खिशात वाजणारी यंत्रणा बसवली. फ्लॉरेन्स नाइटिंगेलने १८६० साली आपली परिचारिका शाळा सुरू केली ती याच संस्थेत. हवा खेळती राहावी म्हणून वॉर्डांच्या इमारती सुट्या-सुट्या ठेवाव्यात, हा तिचा आग्रह. १८७१ साली टेम्सकाठी उभं राहिलेलं सेंट थॉमस त्याच पद्धतीने बांधलेलं, नदीच्या कडेने लांबच लांब पसरलेलं. अशा वास्तूत डॉक्टर शोधायला माणूस पाठवायचा म्हणजे मोठीच पायपीट.

पुढे मोबाइल आला आणि रुग्णालयाच्या भिंती आड आल्या. एक्स-रेच्या खोलीला शिशाचं अस्तर असतं. एमआरआयची खोली तर तांब्याच्या पत्र्याने किंवा जाळीने मढवलेली, बाहेरच्या लहरी आत येऊच नयेत म्हणून. त्यात तळघरं, लिफ्ट आणि जाड काँक्रीट. पेजरच्या लहरी मोबाइलपेक्षा कमी वारंवारतेच्या, त्यामुळे त्या इमारतीत खोलवर शिरतात. शिवाय साधा पेजर नुसता ऐकतो, उलट काही पाठवत नाही, म्हणून त्याची बॅटरी आठवडेच्या आठवडे पुरते.

मोबाइलवर आणखी एक संशय होता. १९९७ साली ब्रिटनच्या वैद्यकीय उपकरण संस्थेने १७८ प्रकारच्या उपकरणांवर रेडिओ लहरींचा परिणाम तपासून पाहिला. एक मीटर अंतरावर मोबाइलचा त्रास ४ टक्के उपकरणांना झाला. रुग्णालयाच्याच सुरक्षारक्षकांच्या आणि हमालांच्या वॉकीटॉकींचा मात्र त्याहून कितीतरी अधिक! तरी दारावर पाट्या लागल्या त्या ‘मोबाइल बंद ठेवा’ अशाच. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकने २००७ साली १९२ उपकरणांवर केलेल्या ३०० चाचण्यांचा अहवाल दिला. मोबाइलच्या रोजच्या वापराने उपचारांत बाधा येईल असं त्यात एकदाही आढळलं नाही.

खरा दणका भलतीकडूनच बसला होता. फेब्रुवारी १९९८मध्ये अमेरिकेत डलास शहरातल्या एका टीव्ही केंद्राने डिजिटल प्रक्षेपणाची चाचणी घेतली आणि बेलर रुग्णालयातले हृदयरुग्णांचे बिनतारी मॉनिटर गोंधळले. दोघेही वारंवारतेच्या एकाच पट्ट्यात बोलत होते. रुग्णांना इजा झाली नाही, पण सरकारला जाग आली. २००० साली अशा मॉनिटरांसाठी स्वतंत्र पट्टे राखून ठेवले गेले. त्यातला एक म्हणजे टीव्हीचा ३७वा चॅनेल. आकाशातल्या रेडिओ लहरी टिपणाऱ्या खगोलशास्त्रज्ञांसाठी तो आधीपासून रिकामा ठेवलेला होता.

आज मोठ्या रुग्णालयांत छतामागून तारा ओढून जागोजागी छोटे अँटेना बसवतात, म्हणजे बाहेरच्या मनोऱ्याची लहर भिंतीशी झुंजत आत येण्याची गरज उरत नाही. वाय-फायचे डबेही असेच छताला लागतात. पण चालू वॉर्डात छत उघडणं सोपं नसतं. उडालेल्या धुळीतली बुरशी अशक्त पेशंटच्या जिवावर बेतू शकते, म्हणून प्लास्टिकचे आडोसे लावून, एकेक भाग मोकळा करून काम चालतं.

भारतात पेजर आला १९९५ साली, मोबाइलच्या आगेमागेच. २००३मध्ये ‘इनकमिंग’ फुकट झालं, तोवर त्याचा काळ सरत आला होता. इथल्या डॉक्टरच्या पट्ट्यावर तो जेमतेम काही वर्षं राहिला.

ब्रिटनमध्ये तो चिवटपणे टिकला. फेब्रुवारी २०१९मध्ये आरोग्यमंत्री मॅट हॅनकॉक यांनी २०२१ अखेर पेजर हटवण्याचा आदेश दिला, तेव्हा तिथल्या सरकारी आरोग्यसेवेत सुमारे १,३०,००० पेजर होते. जगात उरलेल्या पेजरांपैकी दहा टक्क्यांहून अधिक! त्यांवर वर्षाला ६६ लाख पौंड खर्च होत होते. वेस्ट सफोक रुग्णालयात तातडीच्या नसलेल्या निरोपांसाठी फोनवरचं ॲप वापरून पाहिलं, तेव्हा कनिष्ठ डॉक्टरांची पाळीमागे ४८ मिनिटं वाचल्याचं सरकारने सांगितलं. मात्र त्याच घोषणेत एक सवलत होती. वाय-फाय बंद पडलं किंवा दुसरा मार्गच उरला नाही, तर अशा वेळेसाठी रुग्णालयांना काही पेजर जवळ ठेवण्याची मुभा होती.