फिलाडेल्फियाच्या बादल्यांची मासिक तपासणी

७ डिसेंबर १७३६ रोजी बेंजामिन फ्रँकलिन व त्यांचे सहकारी यांनी फिलाडेल्फियात ‘युनियन फायर कंपनी’ ही स्वयंसेवकांची अग्निशामक मंडळी स्थापिली, तेव्हा साधनांच्या सुस्थितीची चिंताही त्यांनी करारनाम्याच्या कलमांतच नमूद करून ठेविली. प्रत्येक सभासदाने चामड्याच्या दोन बादल्या आणि, जळत्या घरातील चीजवस्तू भरून बाहेर काढण्यासाठी, जाड कापडाच्या, तोंडाशी नाडी ओवलेल्या चार पिशव्या बाळगाव्यात, त्यांवर आपली आद्याक्षरे घालावीत, आगीखेरीज अन्य कामी त्या लावू नयेत, आणि कसूर झाल्यास पाच शिलिंग दंड भरावा, असा तो करार होता. चामडे न वापरता पडून राहिले की सुकते, तडकते, आणि त्याची शिवण ऐन प्रसंगी दगा देते. तेव्हा सभासदांनी पाळीपाळीने एकेक महिना चिटणिसाचे काम पाहावे, सर्वांच्या बादल्या व पिशव्या तपासाव्यात आणि मासिक सभेत त्याचा अहवाल सादर करावा, अशीही तजवीज होती. सभेस गैरहजर राहणाऱ्यांकडून वसूल झालेला दंड बंब, शिड्या व आकडे यांच्या खरेदीस लागे, असे फ्रँकलिन यांनी आत्मचरित्रात नोंदविले आहे. तपासनीस हा कोणी वरिष्ठ अंमलदार नव्हता. आज ज्याच्या बादलीची झडती घ्यावी, तोच पुढे आपल्या बादलीची झडती घेणार, हे या व्यवस्थेचे मर्म होय.