टीरचा हात

ए. एस. बायट यांच्या ‘रॅग्नारोक’ (२०११) या छोट्या कादंबरीत दुसऱ्या महायुद्धाच्या काळातली एक इंग्रज मुलगी नॉर्स देवांच्या कथा वाचत असते. तिचे वडील युद्धावर. त्या कथांमधला टीर काही माझ्या डोक्यातून जात नाही.

ओडिनने डोळा दिला तो स्वतःला ज्ञान मिळावं म्हणून. टीरचं तसं नाही. फेनरिर लांडग्याला बांधताना ‘नंतर सोडू’ असं खोटंच सांगितलं देवांनी, आणि तारण म्हणून टीरने हात त्याच्या जबड्यात ठेवला. स्नोरी स्टुर्लुसनने १२२० च्या सुमारास आइसलँडमध्ये लिहून ठेवलंय: लांडगा अडकला तेव्हा सगळे हसले, टीर सोडून. त्याचा हात गेला.

लबाडी सगळ्यांची, किंमत एकट्याची! शेवटी लांडगा सुटतोच. मग याला त्याग म्हणायचं की लबाडीतली भागीदारी? मला तरी दोन्ही वाटतं.